डोहाकाठचे जाणकार

एका जंगलात पाणी थोडं होतं आणि मतं बक्कळ होती.

तसं जंगल साधंच, पोरांनो. साग होता, ऐन होता, करवंदीच्या जाळ्या होत्या. मधून एक ओढा जायचा. ओढ्याच्या अलीकडं एक जंगल, पलीकडं दुसरं, आणि मधोमध एक डोह. उन्हाळा लागला की ओढा आटायचा. डोह तेवढा राहायचा.

त्या डोहासाठी पूर्वी दरसाल मारामारी व्हायची. शिंगं मोडायची, कान फाटायचे. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्या जनावरांनी तोड काढली. म्हणाले, मारामारी नको, खेळ खेळू. पाऊस सरला की खेळ सुरू करायचा, शिमग्याला शेवटचा सामना. जो जिंकेल त्याचा उन्हाळाभर डोह. हरेल त्यानं काठसुद्धा सोडायचा.

खेळाचं नाव कवठफेक. एक फेकगडी असतो, एक झेलगडी. बाकीचे गडी आडवायला. फेकगड्यानं कवठ फेकायचं आणि झेलगड्यानं धावत जाऊन ते झेलायचं. कुठं झेलायचं? तर डोहाकाठी एक उंबराचं खोड आडवं पडलंय, त्याच्या पलीकडं. मधे समोरचे अंगावर येणार, पाडणार, तुडवणार. झेललं तर गुण, पडलं तर भोपळा. संपला खेळ. त्यात समजून घेण्यासारखं याहून जास्त काही नाही.

पण बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

खेळाडूंना दुसरं काम नसायचं. त्यांनी खेळायचं आणि जंगलानं त्यांना पोसायचं. प्रत्येक जनावर आपल्या घासातला घास काढून द्यायचं. आणि एकदा घास दिला की अक्कल द्यायचाही हक्क मिळतो, असं त्या जंगलात सगळ्यांना वाटायचं. हसू नका. तुमच्या घरातही वाटतं.

अलीकडच्या जंगलाचा फेकगडी होता बाजीबा वानर. बरीच सालं खेळलेला. एक खांदा जरा उतरलेला, पण हात अजून लांब. झेलगडी होता झिपरू शेकरू. तो यंदाच आलेला. शेपूट झुबकेदार, पाय हलके, आणि अंगात नवेपणाची घाई.

आणि डोहात राहायचं धोंडबा कासव. ही गोष्ट त्याची.

धोंडबा जुना होता. जुना असला की शहाणा असतो, असं जुन्यांनीच कधीतरी ठरवून ठेवलंय. म्हणून डोहाकाठच्या कातळावर रोज संध्याकाळी जनावरं जमायची, ती धोंडबाचं ऐकायला. तो बाजीबाच्या बाजूचा. बाजीबा पोरसवदा असताना त्यानं पहिलं कवठ फेकलं, ते आपण पाहिलं, असं धोंडबा सांगायचा. तेव्हापासून बाजीबा चुकला असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. झेल सुटला की दोष झेलणाऱ्याचा.

दुसऱ्या बाजूला साळूबाई साळिंदर. ती झिपरूच्या बाजूची. झेल सुटला की दोष फेकणाऱ्याचा. तिला बाजीबाचा उतरलेला खांदा अंधारातही दिसायचा.

"सोडला!" धोंडबा म्हणायचा. "सरळ हातात आलेला सोडला. त्या पोराला हातच नाहीत."

"हातात कुठं आला?" साळूबाई काटे खळखळवायची. "तुझा बाजीबा फेकतो ते पार शेजारच्या डोंगरात. पोरानं काय उडून जायचं?"

"शेकरू आहे तो. उडायलाच ठेवलाय त्याला."

"आणि बाजीबाला कशाला ठेवलाय? उवा वेचायला?"

मग धोंडबाच्या मागं बसलेले ओरडायचे, साळूबाईच्या मागं बसलेले ओरडायचे. मधल्या फांदीवर एक कावळा असायचा. तो आकडे सांगायचा.

"उलट्या वाऱ्यात, दुपार कलल्यावर, डाव्या पायावर जोर देऊन फेकलेल्या कवठांपैकी निम्मी वाया गेली," कावळा म्हणायचा.

"कुणामुळं वाया गेली?" दोघं एकदम विचारायची.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त आकडे सांगतो."

असा तो कावळा. त्याला दोन्हीकडून खायला मिळायचं.

एकदा खुद्द बाजीबा आणि झिपरू पाणी प्यायला कातळाशी आले. दोघांचं चांगलं जमायचं. दिवसभर ते माळावर सराव करायचे आणि एकाच झाडाखाली पाला खायचे. कातळावर आपल्यावरून काय चाललंय, ते त्यांना माहीत नव्हतं.

"परवाची चूक माझी," बाजीबा पाणी पिता पिता म्हणाला. "वारा बघितलाच नाही मी."

"नाही हो, बाजीबा," झिपरू म्हणाला. "मीच वळायला उशीर केला."

धोंडबानं मान बाहेर काढली. "बाजीबा, तुझं मन मोठं, म्हणून तू असं बोलतोस. चूक याचीच होती."

"काय बोलतोयस!" साळूबाई म्हणाली. "झिपरू, तू भिडस्त आहेस रे. याच्या वयाकडं बघून गप बसतोस. चूक याचीच होती."

बाजीबानं झिपरूकडं बघितलं. झिपरूनं बाजीबाकडं बघितलं. त्या दिवसापासून ते दोघं वरच्या अंगाला जाऊन पाणी पिऊ लागले.

आता पलीकडच्या जंगलाचं ऐका. तिकडं सगळी रानडुकरं. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आपला गडी धावला की ती ओरडायची, आपला गडी पडला की रडायची. सामना संपला की घरी जाऊन झोपायची. अलीकडचे त्यांना हसायचे. म्हणायचे, काय ही अडाणी जात, खेळ बघते आणि त्यावर बोलत नाही!

धोंडबाला बायको होती. तिचं नाव गोदा. तिनं डोहाकाठच्या वाळूत अंडी घातली होती. ती फुटणार उन्हाच्या भरात. डोह गेला तर काठ सोडायचा, हे मी मघाशी सांगितलं. आणि कासवाची अंडी काही पाठीवर टाकून नेता येत नाहीत. उकरली, हलवली, की संपली. म्हणजे सबंध जंगलात हा सामना जिंकायची गरज सगळ्यांत जास्त कुणाला होती? धोंडबाला. आणि जिंकावं असं त्याला वाटतही होतं. मनापासून वाटत होतं. फक्त आपलं मत त्याला जिंकण्यापेक्षा जरा जास्त प्यारं होतं.

आता एक रीत सांगायची राहिली. ती नीट ऐका, नाहीतर पुढं मला विचाराल.

खेळाचा पंच होता एक म्हातारा गवा. त्याला लांबचं दिसायचं नाही. त्याच्या आधीच्या पंचाचे डोळे धड होते. तो जे दिसेल ते सांगायचा. त्याला दोन्हीकडच्यांनी मिळून तुडवला. तेव्हापासून पंच नेमताना डोळे अधू बघूनच नेमायचे. कवठ लांब गेलं, की गवा उंबराच्या खोडाशी बसलेल्या दोघांना विचारायचा. ते दोघं झेलगड्याच्याच बाजूचे असायचे. त्यातला एक जरी "झेलला" म्हणाला, तरी गुण. दोघंही नाही म्हणाले, तरच भोपळा.

तुम्ही म्हणाल, हे कसलं डोकं चालवलं? आपल्या गड्याला आपलंच जनावर नाही कशाला म्हणेल? बरोबर. कवठ चिखलात रुतलेलं दिसत असलं, तरी साक्षीदार "झेलला" म्हणायचे. अलीकडचे आपल्यासाठी खोटं बोलायचे आणि पलीकडचे त्यांच्यासाठी. दोन्हीकडचं खोटं सारख्या वजनाचं, म्हणून न्याय बरोबर व्हायचा. ज्यांनी हा नियम केला त्यांनी दुष्मनांचा विचार केला होता. जाणकारांचा विचार त्यांना सुचला नव्हता.

शेवटच्या सामन्याला खोडाशी कोण बसणार, यावर अलीकडच्या जंगलात चर्चा झाली. सगळे म्हणाले, खेळातलं ज्यांना सगळ्यांत जास्त कळतं त्यांनाच बसवा. म्हणजे धोंडबा आणि साळूबाई.

गोदानं हे ऐकलं आणि ती नवऱ्याकडं आली.

"अहो, उद्या एवढं करा. गव्यानं विचारलं तर एकच शब्द बोला. झेलला. येतो का म्हणून दाखवा."

"झेलला," धोंडबा म्हणाला.

"हां. एवढंच."

"पण झेलला तर म्हणेन ना मी."

"नाही झेलला तरी म्हणा."

"खोटं बोलू? गोदा, माझ्या शब्दाला या काठावर किंमत आहे."

गोदानं मान आखडून घेतली, मग परत बाहेर काढली. "तुमच्या मताला पाणी लागत नाही," ती म्हणाली. "पोरांना लागतं."

धोंडबाला ते पटलं. खरंच पटलं. तो म्हणाला, "बरं बाई. झेलला तर झेलला, नाही झेलला तरी झेलला." आणि पाण्यात गेला.

शिमगा आला. सामना सुरू झाला. डुकरांनी गुण घेतला, अलीकडच्यांनी फेडला. परत त्यांनी घेतला, परत यांनी फेडला. शेवटी दोन्हीकडं सारखे गुण झाले आणि एकच फेक राहिली, ती बाजीबाची. झेल झाला तर डोह अलीकडच्यांचा. नाही झाला तर पलीकडच्यांचा, कारण गेल्या साली डोह अलीकडच्यांकडं होता आणि बरोबरी झाली तर तो पलटायचा.

इतकं सगळं एका फेकीवर आलेलं. अशा वेळी जनावरांनी श्वास रोखून समोर बघावं की नाही? पण खोडाशी आणि खोडामागं काय चाललेलं, ते बघा.

"आता बघ, वाकडीच फेकणार तुझा बाजीबा," साळूबाई म्हणत होती. तिचं तोंड धोंडबाकडं आणि पाठ मैदानाकडं होती.

"नेमकी फेकणार. सोडणार तो तुझा लाडका."

मागं तर दोन्हीकडची जनावरं एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभी होती. मैदानाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. फक्त धोंडबाचं तोंड तिकडं होतं, कारण कासवाला भांडताना वळणं जमत नाही.

बाजीबानं हात मागं घेतला. तेवढ्यात एक डुक्कर त्याच्या पायात शिरलं. बाजीबा कलंडला. कवठ सुटलं ते वाकडं, उंच, भलतीकडंच. सरळ डोहाच्या दिशेनं.

झिपरू पळत सुटला. समोर डुक्कर आलं, तो त्याच्या पाठीवर चढला. पाठीवरून जांभळीच्या फांदीवर. फांदी वाकली, आणि ती उसळली तशी त्यानं उडी टाकली. उंबराच्या खोडावरून तो आडवा गेला, अंग लांब करून, शेपूट पसरून. पाण्याच्या अगदी काठावर त्यानं ते कवठ दोन्ही हातांत धरलं आणि कुशीवर वाळूत पडला. इतका जवळ पडला, की वाळू धोंडबाच्या तोंडावर उडाली.

धोंडबानं पाहिलं. सगळं पाहिलं. इतकी सालं खेळ बघत होता तो, पण असा झेल त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याचं तोंड आपोआप उघडलं. शब्द जिभेवर आला.

पलीकडच्या डुकरांनीही पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या आणि ती घराकडं निघालीसुद्धा.

गवा हळूहळू चालत खोडाशी आला. "झेलला का?"

सगळ्यांनी भांडण थांबवलं आणि धोंडबाकडं बघितलं. पाण्यातून गोदाही बघत होती. तिची मान इतकी लांब झालेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

एक शब्द होता. खोटाही नव्हता.

पण धोंडबाच्या डोक्यात पुढचं सुरू झालं. झेलला म्हणालो, की ही साळू विचारणार, कसा झेलला? मग सांगावं लागणार, की फेक वाकडी गेली होती. म्हणजे बाजीबा चुकला. आणि पोरानं ती सावरली. म्हणजे पोराला हात आहेत. म्हणजे पावसापासून शिमग्यापर्यंत कातळावर बसून आपण जे बोललो ते सगळं फुकट. आणि ही बया उद्यापासून रोज संध्याकाळी हसणार.

"बोल की, धोंडबा," गवा म्हणाला.

"फेक नेमकी होती," धोंडबा म्हणाला. "यानं सोडला."

पाण्यात गोदाची मान खाली गेली.

अजून काही बिघडलं नव्हतं, पोरांनो. साळूबाई होती ना. तिनं नुसतं वळून बघितलं असतं, तर झिपरूच्या हातातलं कवठ तिला दिसलं असतं. तिनं "झेलला" म्हटलं असतं की डोह वाचला असता, आणि तिचंच म्हणणं खरं ठरलं असतं. पण तिच्या कानात "सोडला" शिरलंच नाही. तिथं "नेमकी" अडकलं होतं.

"नेमकी?" साळूबाईचे सगळे काटे उभे राहिले. "नेमकी म्हणतोस? अरे, फेक पोचलीच नाही! पोचलीच नाही तर पोरगं झेलणार काय? झेलायला काही आलंच नव्हतं!"

गव्यानं थोडा विचार केला. "म्हणजे हा म्हणतो सुटला, आणि ही म्हणते आलंच नव्हतं. झेल झाला नाही, यावर दोघांचं एकमत."

साऱ्या हंगामात त्या दोघांचं एकमत झालं ते हे एवढंच.

"अहो, हे काय!" झिपरू वाळूतून उठून ओरडला. "माझ्या हातात आहे की कवठ!"

"तू गप रे," धोंडबा म्हणाला. "तुला खेळातलं काय कळतं?"

"होय, मधे बोलू नकोस," साळूबाई म्हणाली. "मी तुझ्याच बाजूनं बोलतेय ना?"

डोह गेला. डुकरांना ते सांगायला कावळा पाठवावा लागला. ती अर्ध्या वाटेवर गेली होती. जिंकलो हे त्यांना खरंच वाटेना.

संध्याकाळी ती डोहावर आली. त्यांच्यात एक थोरली डुकरीण होती. ती आधी बाजीबा आणि झिपरूकडं गेली. म्हणाली, "मी झेल पाहिलाय. पुढच्या साली आमच्याकडून खेळता का? आमच्यात खायला चांगलं देतात आणि कुणी बोलत नाही." ते दोघं लगेच हो म्हणाले. मग ती गोदाकडं आली.

"वाळूत तुझी अंडी आहेत म्हणे. राहा तू इथं. तुझ्या पोरांचं पाणी आम्ही तोडणार नाही." मग तिनं धोंडबाकडं मुसकट वळवलं. "हा मात्र नको. आमचं बरं चाललंय."

"एकच शब्द होता," गोदा नवऱ्याला म्हणाली.

"तुला खेळातलं कळत नाही, गोदा," धोंडबा म्हणाला, आणि निघाला.

अलीकडची सगळी जनावरं वरच्या उघड्या माळावर गेली. तिथं एका खडकाच्या कपारीत जेमतेम ओल होती. पहाटे उठून ती चाटायची आणि त्यावर दिवस काढायचा. भेकरं वाळली. सशांनी जंगल सोडलं. जिभा टाळूला चिकटल्या. पण संध्याकाळी बैठक भरायचीच. फेक नेमकी होती, की पोचली नव्हती? ज्यांच्याविषयी भांडायचे ते दोघं आता डुकरांकडं होते, तरी बाजू कुणी बदलल्या नाहीत. कावळा नवे आकडे आणायचा.

एक दिवस तो आकडे सोडून भलतंच काहीतरी घेऊन आला. "धोंडबा, तुझी अंडी फुटली. पोरं सगळी पाण्यात पोचली. गोदानं निरोप दिलाय. थोरलीनं तुला काठावर यायची परवानगी दिलीय. बघायला ये, जमलं तर राहा. अट एकच. खेळाविषयी अक्षर काढायचं नाही."

 धोंडबाचे डोळे भरले की काय, सांगता येत नाही. त्या माळावर डोळ्यात यायला कुणाच्या अंगात पाणीच नव्हतं. तो उठला आणि उताराला लागला.

उताराच्या टोकाशी तो पोचला तेव्हा खाली डोह दिसला. पाणी चकाकत होतं. काठाशी गोदा होती, आणि तिच्या भोवती पाण्यात बोराएवढाली डोकी वरखाली होत होती. एकानं मान वर काढली, आणि ती थेट धोंडबासारखी लांब केली. गोदानं उताराकडं बघितलं. तिला तो दिसला. ती पुढं सरकली.

"जा, जा!" मागून माळावरून साळूबाईचा आवाज आला. "जा बाबा, सुखी राहा. आणि पोरांना एवढं खरं सांग, की फेक पोचलीच नव्हती!"

धोंडबा थांबला.

कासवाला वळायला फार वेळ लागतो, पोरांनो. तेवढ्या वेळात कुणालाही शहाणपण सुचलं असतं. खाली पाण्यात पोरं खेळत होती. गोदा वर बघत होती.

धोंडबा पुरता वळला.

"नेमकी होती!" तो कोरड्या घशानं ओरडला, आणि परत माळ चढू लागला.

तात्पर्य : मत बदलायची वेळ आली, तर घर बदलावं. ते सोपं पडतं.